गच्चीवरची तालीम

असरच्या नमाजनंतर गच्चीवरून धपधप आवाज यायचा. मुलं दोरीवरच्या उड्या मारत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. वह्या तपासायच्या असल्या की मुलं वर गेलेली बरीच वाटतात.

एके दिवशी आवाजाच्या मागोमाग किंकाळी आली. धावत वर गेलो. पाचवीतला धाकटा उजवा हात पोटाशी धरून बसला होता, नववीतली मुलगी पांढरीफटक पडली होती, आणि पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या मोबाइलवर एक गोरा माणूस हसत हसत शिकवतच होता.

मागून कुणी धरलं तर त्याला खांद्यावरून कसं फेकायचं, हा तो धडा. व्हिडिओतल्या माणसाच्या पायाखाली जाड निळी गादी होती आणि फेकला जाणारा साथीदार वर्षानुवर्षे पडायला शिकलेला होता. आमच्या गच्चीवर सिमेंटचा स्लॅब आणि साथीदार दहा वर्षांचा. त्याने पडताना हात टेकवला आणि मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधीच विचारलं, "हात टेकवला ना?" या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तो दुखावला असता तर हात वाकडा वाढण्याची भीती होती. अल्हम्दुलिल्लाह, तो भाग वाचला. सहा आठवडे प्लास्टर.

त्या रात्री आम्ही मुलीला खूप बोललो. मोबाइल काढून घेतला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी धाकटाच म्हणाला, "अम्मी, आपाला बोलू नका. तो गाडीवाला मुलगा रोज मागे येतो."

क्लासवरून येताना पंधरा दिवस एक मुलगा मोटारसायकलवर तिच्या मागे येत होता. तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर क्लास बंद झाला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिचा अंदाज चुकीचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिने कराटेला जाऊ का म्हणून विचारलं होतं. शिकवणारे सर आहेत, मुलीच्या जातीला काय करायचंय, लोक काय म्हणतील, असं म्हणून आम्ही विषय संपवला. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं. त्याचे फोटो आणि अहवाल आम्हीच वर पाठवतो. घरातल्या मुलीला मात्र व्हिडिओ.

दुसऱ्या दिवशी तिच्या अब्बूंनी तिचं मनगट धरलं. "दाखव, काय शिकलीस." अंगठ्याच्या फटीकडून हात कसा झटकायचा, हे तिला तोंडपाठ होतं. पण अब्बूंनी खरोखर घट्ट धरलं होतं. तिने दोनदा, तीनदा ओढलं. हात सुटला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिडिओतला माणूस हात सोडणारच असतो. कॅमेऱ्याला तुमचा पाय कुठे पडला, वजन कुणीकडे गेलं, हे दिसत नाही. पुढचा धडा मागून गळा आवळण्याचा होता, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो. तो प्रयोगसुद्धा धाकट्यावरच झाला असता.

आमचे मोठे चाचा तरुणपणी कुस्ती करायचे. प्लास्टर बघायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गिरना सिखाया क्या किसी ने?" त्यांच्या वस्तादाने पहिले काही महिने हौद्यातली लाल माती खणायला लावली होती. ताक, तेल, हळद घालून भुसभुशीत केलेल्या त्या मातीत लोळायचं, जोर-बैठका काढायच्या. डाव नंतर. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्यात इस्माईल (1980), आप्पालाल (1992) आणि मुन्नालाल (2002) असे तीन महाराष्ट्र केसरी झाले, हे चाचा घरचं लग्न सांगावं तसं सांगतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे आखाडा, उस्तादाचाच वस्ताद झाला, हे आम्ही वर्गात किती वेळा शिकवलंय! घरी कधी सुचलं नाही.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोघेही गेलो. वडील ओळखीचे निघाले. आधी "मुलं आहेत, चालायचंच" म्हणाले. मग मोडलेल्या हाताची गोष्ट ऐकून गप्प झाले. गाडी आता मागे येत नाही. तरी 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे नंबर मुलीला पाठ करायला लावलेत. क्लास बंद केला नाही. मोबाइल परत दिला.

शिकवणाऱ्या बाई शोधायला दोन महिने लागले. नगरहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या एक ज्युदोच्या बाई मिळाल्या. ज्युदोत पडण्याच्या तंत्राला वेगळं नावच आहे, उकेमी. हनुवटी छातीशी, पाठ गोल, तळहात टेकवायचा नाही, पूर्ण हात गादीवर आपटायचा. पहिले तीन आठवडे बाईंनी दुसरं काही शिकवलं नाही. मुलगी कंटाळली, कुरकुरली, पण गेली.

धाकट्याचं प्लास्टर निघालंय. तो गादीच्या कडेला बसतो आणि आपा किती वेळा पडली ते मोठ्याने मोजतो.