मशेरी

वडखळच्या नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो. वाहनांचा आवाज तेथे रात्रीही थांबत नाही. तरीही लहानपणी मला जाग येई ती त्या आवाजाने नव्हे, तर तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूच्या ठसक्याने. आई ती काळी होईपर्यंत भाजी, कुटून डबीत भरी आणि चुलीपुढे बसून बोटाने हिरड्यांवर फिरवी. दाढदुखीवरचा उपाय म्हणून कधीकाळी सुरू झालेली ही मशेरी. दाढ केव्हाच पडून गेली, मशेरी राहिली.

प्राध्यापक झाल्यावर मी तिला अनेकदा सुनावले. ती एवढेच म्हणे, "बाला, ती दातान नाय, डोक्यान हाय."

या वाक्यातले शास्त्र मला फार उशिरा कळले. निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि तेथून मेंदूत पोहोचते. अ‍ॅसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातील द्रव्यासाठी असलेल्या ग्राहकांवर ते जाऊन बसते, डोपामिन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. सततच्या सेवनाने या ग्राहकांची संख्याच वाढते. मग ते रिकामे राहिले की अस्वस्थता, चिडचीड. रक्तातील निकोटिन साधारण 2 तासांत निम्मे होते. म्हणजे पहाटेची पहिली मशेरी सुखासाठी नसतेच. रात्रभर साचलेल्या अस्वस्थतेवरचा तो उतारा असतो. तंबाखूला चुना लावून मळण्यामागेही रसायनच आहे. चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून अधिक वेगाने शोषले जाते.

चुन्याचे हे उदाहरण मी उगाच दिलेले नाही. एम.ए.च्या अभ्यासाच्या रात्रींपासून तंबाखूची पुडी माझ्या खिशात आहे. तासाला जाण्यापूर्वी चूळ भरायची, आणि वर्गात रंगवून सांगायचे की संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकटदेखील. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावरील अशा व्यसनांविषयीच आहे. पण शब्दाचे अर्थ ठाऊक असले, म्हणून माणूस त्यातून सुटतो असे नाही.

गेल्या वर्षी आईच्या गालाला आतून पांढरा चट्टा दिसला. तपासणीत कर्करोग निघाला नाही, पण मशेरी आजपासून बंद, असे डॉक्टरांनी बजावले. मग त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणी तंबाखू खाते का?" मी खाली पाहिले. आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कोन नाय."

म्हणजे तिला ठाऊक होते. इतकी वर्षे मी तिला जे सुनावत आलो, ते सारे तिने हे ठाऊक असताना ऐकून घेतले होते.

तिने मशेरी सोडली. पहिले काही दिवस ती विनाकारण भांडी आपटे, नातवंडांवर खेकसे. नंतर शांत झाली. मी सोडली, असे लिहिण्याचा धीर मला होत नाही, कारण याआधी दोनदा सोडून दोनदा धरली आहे. या खेपेला 40 दिवस झाले. पहाटे दोघांनाही जुन्या वेळेला जाग येते. मी चहा ठेवतो, आणि काही न बोलता आम्ही ओटीवर नाक्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकत बसतो.