आधी माती, मग पाणी, मग मासे

ज्या गावात उन्हाळ्यात पाणी तांब्याने मोजून वापरलं जायचं, तिथे कुणी निव्वळ हौसेपोटी काचेच्या पेटीत पाणी भरून ठेवेल, असं सत्तरच्या दशकात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हिवरे बाजार माझं आजोळ. नगर शहरापासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून, जेमतेम 17 किलोमीटरवर. आज त्याच गावात माझ्या मामेभावाच्या ओसरीवर दोन फुटांची काचेची टाकी आहे. आत हिरवंगार गवत लवतंय आणि त्यातून गप्पी मासे फिरतायत. मामेभावाच्या मुलीने ती स्वतः लावली आहे. तिची ही पहिलीच टाकी. मी तेव्हाचं आजोळ पाहिलंय आणि आताचंही पाहते आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं फार दिवस मनात होतं.

तेव्हाचं आजोळ म्हणजे उघडेबोडके डोंगर. मे महिन्याच्या सुट्टीत एसटीतून उतरलं की समोर राखाडी, तापलेली टेकाडं दिसायची. एकेकाळी हे गाव पैलवानांचं. पण 1972च्या दुष्काळाने कंबरडं मोडलं ते मोडलंच. खडी फोडायची कामं आणि सुकडीचं वाटप हे सगळं मोठ्यांच्या बोलण्यात सतत यायचं. विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवायच्या. पाऊस मुळातच बेताचा, वर्षाला 400 मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यातला बराचसा डोंगरावरून धावत खाली यायचा आणि माती घेऊन ओढ्याने निघून जायचा. तरणी माणसं पुण्या-मुंबईची वाट धरायची. आजी भाजी धुतलेलं पाणी टोपात धरून ठेवायची आणि संध्याकाळी ते दावणीला न्यायची. पाण्याचा एक थेंब दोनदा कामाला आला नाही तर तिला चैन पडत नसे.

मासे आम्हाला दिसायचे ते पावसाळ्यात, ओढ्याला डोह साचला की. आम्ही मुलं काठावरच्या खडकावर पालथी पडून तासन्तास पाण्यात बघत बसायचो. तळाशी केसासारखं हिरवं शेवाळ असायचं, त्यातून बोटाएवढे मासे सटकन निघायचे आणि परत त्यातच दडायचे. महिन्या-दोन महिन्यांत डोह आटायचा. गावात वर्षभर जिवंत दिसणारा मासा म्हणजे हिवताप खात्याच्या माणसाने आणलेला गप्पी. ते लोक बरणीत मासे घेऊन यायचे आणि हौदात, डबक्यात सोडायचे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' अशी अक्षरं भिंतीवर गेरूने रंगवलेली असायची. शोभेचा मासा ही गोष्ट आमच्या लेखी शहरातली होती.

शहरातली टाकी आमच्या नगरच्या घरी होती. लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यात लांबी भरून बसवलेल्या काचा. सिलिकॉनने नुसती काचेला काच जोडलेली टाकी तेव्हा आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. चौकट गंजायची आणि लांबी सुकली की कोपऱ्यातून पाणी पाझरायचं. मागच्या काचेला निळा ऑइलपेंट, तळाला लाल-पिवळी रंगवलेली खडी, खडीत खोवलेली प्लॅस्टिकची झाडं, एक चिनी मातीचा पाणबुड्या आणि रात्रभर घरघरणारा हवेचा पंप, एवढा तिचा संसार. मासे मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटमधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत यायचे. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं आणि पुढे मुंबईला गेलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाची सहल त्याच्याशिवाय पुरी होत नसे. घरी टाकी ठेवायची हौस किती जणांना तिथूनच लागली असेल!

त्या काळची रीत एकच होती, टाकी म्हणजे मासे. काच आणायची, पाणी भरायचं आणि त्याच संध्याकाळी गोल्डफिश सोडायचे. दर रविवारी सगळं पाणी उपसायचं, खडी नळाखाली खसखसून धुवायची, काचा चकचकीत करायच्या. आणि एखाद-दुसरा मासा दर पंधरवड्याला वर तरंगायचा. 'पाणी मानवलं नाही,' असं घरोघरी म्हटलं जायचं आणि नवा मासा आणला जायचा. गल्लीतली सगळी पोरं मात्र टाकीपुढे गर्दी करायची. दिवा लागला की निळ्या काचेपुढून केशरी मासा वळायचा, आणि तेवढं बघायला शेजारच्या काकूही पोळ्या अर्धवट टाकून यायच्या. ते अप्रूप खरं होतं, आणि आज ते तसं उरलेलं नाही, याची मला हळहळ वाटते.

मधल्या काळात आजोळ पालटलं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरांवर सलग समतल चर खणले गेले, खाली बांध आणि पाझर तलाव झाले. गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यायचं, असं ठरलं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली गेली. उसासारखी पाणी पिणारी पिकं गावाने सोडून दिली. गावात पर्जन्यमापक बसले, आणि झालेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत सुरू झाली. त्यात आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ठरवतात. 2020 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. पण त्याच्या किती तरी आधी आजी म्हणाली होती, ''आता विहिरीला तळ दिसंना.'' एवढी बिनतक्रार कबुली तिने आयुष्यात क्वचितच दिली असेल.

आता त्या ओसरीवरच्या टाकीकडे येते. भाचीने ती लावली तेव्हा मी तिथे होते. तिने सुरुवात माशांपासून केली नाही. पहिल्यांदा माती चाळली. परसातली जुनी, कुजून मऊ झालेली माती घेतली. ताजं शेणखत तिच्यात पडणार नाही याची काळजी घेतली, कारण त्यातून अमोनिया सुटतो. इंचभर माती तळाला पसरली आणि तिच्यावर धुतलेल्या जाड वाळूचा दीड इंचाचा थर दिला, म्हणजे माती वर उसळत नाही. मातीवर टाकी उभी करायची ही पद्धत डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी 1999 सालच्या आपल्या पुस्तकातून जगभर पोहोचवली. जपानच्या ताकाशी अमानो यांनी काचेआड आख्खी डोंगर-कुरणं उभी करून दाखवली. त्यांच्या वाटेने जायचं तर कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, खास माती आणि भारी दिवे लागतात. वॉल्स्टॅडबाईंची वाट मध्यमवर्गीय घराला परवडणारी आहे.

मग तिने वाळूवर एक बशी ठेवली आणि तांब्याने बशीवर बारीक धार धरली. धार बशीवर पडत होती आणि काठावरून चहूबाजूंना हळूहळू उतरत होती. वाळूचा कणही हलला नाही. मी दोन बादल्या एकदम ओतायला निघाले होते तर म्हणाली, ''आत्या, पाणी पळवायचं नाय. बसवायचं.'' समोरच्या डोंगरावर चर खणणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावलं, चालणाऱ्याला थांबवलं आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवलं.

झाडं निवडताना तिने आधी पाणी बघितलं. आमच्याकडचा खडक बसाल्टचा, म्हणून विहिरीचं पाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. रोटालाच्या काही लाल जाती मऊ पाण्यातच खुलतात, त्यांचा तिने नाद केला नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेऊ शकतात, त्यांना सिलिंडर लागत नाही. या दोन्ही वनस्पती आपल्याच नद्या-तलावांत वाढणाऱ्या. सोबतीला जलब्राह्मी लावली. पाणी बघून पीक घ्यायचं हा ग्रामसभेचा नियम ज्या घरात तीस वर्षं पाळला गेला, त्या घरातल्या मुलीला पाणी बघून झाड घे हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणि मग ती थांबली. माशांविना टाकी तशीच ठेवली, काही आठवडे. आमच्या काळात हे कुणाला सुचलंही नसतं. पाण्यात, वाळूत, पानांवर दोन प्रकारचे जीवाणू वस्तीला येतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्या दोन गोष्टी माशांना विषारी. नायट्रेट मात्र थोडं चालतं आणि झाडं ते खाऊन टाकतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या रविवारच्या धुण्यात हीच वस्ती दर आठवड्याला मोरीतून वाहून जायची. 'पाणी मानवलं नाही' याचा उलगडा असा कित्येक दशकांनी ओसरीवर बसून झाला.

खरं तर हे ज्ञान फार जुनं आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप एकत्र ठेवून मासा आणि झाड एकमेकांना कसं जगवतात ते नोंदवलं होतं. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या आणि सारं जमून आलं. तेच व्हॅलिस्नेरिया आज भाचीच्या टाकीत आहे. दुपारी चारच्या सुमारास, दिवा लागून काही तास झाले की, त्याच्या लांब पानांच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात आणि एकामागून एक वर जातात. झाडाने सोडलेला प्राणवायू डोळ्यांनी दिसतो. दिवा ती सहा-सात तासच ठेवते, जास्त ठेवला तर काचेवर शेवाळ माजतं.

आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी ती बदलते आणि काढलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जातं. नायट्रेटमुळे ते खतच असतं. आजी टोपातलं पाणी दावणीला न्यायची, तीच रीत पणतीने न सांगता चालू ठेवली आहे. म्हणून ही टाकी मला चैनीची वाटत नाही.

तेव्हाचं काय गेलं, तेही सांगितलं पाहिजे. डोहाकाठी पालथं पडून बघायची मुलांची सवय गेली. टाकीतल्या झाडांची नावं भाचीला तोंडपाठ आहेत, झाडं मोबाइलवर मागवता येतात, कुरियरने ओल्या कागदात गुंडाळून येतात. पण ओढ्यात आपलं आपण काय उगवतं हे तिच्या वयाच्या फार थोड्या मुलांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या कास पठारावरच्या डबक्यांत वायतुरा फुलतो, तो सह्याद्रीच्या पठारांशिवाय जगात कुठेही नाही. त्याच कुळातल्या झाडांचे कंद अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात विकतात, पण ते परदेशातून आलेले. आपल्या डबक्यांकडे आपण बागेच्या नजरेने कधी पाहिलंच नाही. आणि पाहायला लागलो तर उपटून घरी आणायचा मोह होईल, तोही आवरला पाहिजे. रानातलं दुर्मीळ झाड रानातच राहावं.

उलट बाजूचा धोका त्याहून मोठा आहे. शोभेची म्हणून जगभर नेलेली जलपर्णी आज उजनीत आणि पुण्याच्या नद्यांवर गालिचा अंथरून बसली आहे. बाहेरून आणलेला चिलापी धरणाधरणांत देशी माशांच्या जागेवर बसला आहे. हौस फिटली म्हणून टाकीतले मासे आणि झाडं विहिरीत किंवा ओढ्यात नेऊन सोडणं हा गुन्हाच मानला पाहिजे. ज्या ओढ्याला पुन्हा पाणी यावं म्हणून एका पिढीने घाम गाळला, त्यात पुढच्या पिढीने टाकीतला पसारा रिता करू नये. छाटलेलं झाड उन्हात वाळवून खतात घालावं, मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

तेव्हा आम्ही टाकी माशांसाठी घेत होतो, आता ही मुलगी टाकी पाण्यासाठी लावते. तेव्हा गाव पाण्यासाठी खोल खोल खणत होतं, आता ते माती आणि गवत सांभाळतं. पन्नास वर्षांत माझ्या आजोळाने जे कमावलं ते मला या दोन वाक्यांत दिसतं. म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत झाडांची अशी एक टाकी असावी, आणि तिच्या शेजारी गावच्या पावसाची नोंद लिहायचा फळा असावा. मुलांनीच माती चाळावी, मुलांनीच पाऊस मोजावा, आणि मासे सोडायचा दिवस त्यांनीच, पाणी तपासून, ठरवावा. थांबायला शिकलेली ही मुलं उद्या ग्रामसभेत बसतील, तेव्हा ताळेबंद मांडायला बाहेरून कुणाला यावं लागणार नाही.