गाडी सांगणे

मराठी माणूस गाडी भाड्याने घेत नाही, तो गाडी 'सांगतो'. पूजेला भटजी सांगावेत, लग्नाला बँड सांगावा, तशी प्रवासाला गाडी सांगावी, अशी आपली रीत. 'भाड्याने घेणे' यात नुसता व्यवहार आहे. 'सांगणे' म्हटले की ऐकणारा कोणीतरी लागतो, आणि ऐकणारा आला की तो दोन प्रश्न विचारणारच. आमच्या वऱ्हाडात तर दोनावर भागत नाही.

आमच्या अमरावतीत गाडी सांगायची म्हणजे राजकमल चौकाच्या बाजूला एखाद्या पानठेल्यापाशी जायचे. तिथे बाकड्यावर गाडीमालक बसलेला असे. त्याला "अकोल्याला जायचं आहे" म्हटले की भाव सांगण्याआधी तो विचारी, "काऊन? कोन बिमार हाये?" लग्नाचा दर वेगळा, दवाखान्याचा वेगळा आणि मयतीचा वेगळा. मयतीला तो निम्मे पैसे घेई आणि स्वतः खांदाही देई. मुलगी पाहायला निघाला असाल तर गाडीबरोबर मुलीच्या घराण्याची माहिती फुकट मिळे, आणि ती इतकी सविस्तर असे की पुष्कळ वेळा गाडी नेण्याची गरजच उरत नसे.

गाडी म्हणजे अर्थात अँबॅसडर. मागे सहा, पुढे ड्रायव्हर धरून पाच, आणि मांडीवरची पोरे हिशेबात नाहीत. ड्रायव्हर दाराच्या इतका कडेला बसे की गाडी तो चालवतो आहे की तिच्याबरोबर धावतो आहे हे लांबून ओळखू येत नसे. २०१४ साली या गाडीचे उत्पादन बंद पडले. त्याची कारणे अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ दिली. माझे म्हणणे साधे आहे : एका गाडीत अकरा माणसे मावत असतील तर दुसरी गाडी खपणार कशी?

तर हे सगळे आता गेले. आता गाडी सांगत नाहीत, 'ऑनलाइन बुक' करतात, आणि हा योग माझ्या कुंडलीत गेल्या हिवाळ्यात आला.

झाले असे की, अकोल्याला माझी मोठी मावशी असते. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. आई तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी. दोघी रोज सकाळी फोनवर बोलतात. 'बोलतात' म्हणजे दोघी एकाच वेळी बोलतात, कारण दोघींनाही कमी ऐकू येते. आई इकडून गुडघ्याचे सांगत असते आणि मावशी तिकडून तुरीच्या डाळीचा भाव, आणि अर्ध्या तासाने दोघी समाधानाने फोन ठेवतात. पण अलीकडे मावशी माणसे विसरू लागली होती. मुलाला दीर समजे, सुनेला सासू समजे. (सुनेची याला फारशी हरकत नव्हती.) आणि एका सकाळी तिने फोनवर एवढेच म्हटले, "येऊन जा एकदा." आईला दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण हे वाक्य तिने स्वच्छ ऐकले.

आता आईला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि बडनेऱ्याचा जिना पाहूनच तिचे गुडघे बोलू लागतात. विमानाचे म्हणाल तर १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण ती अकोल्याला थांबत नाही. पुण्याहून चिरंजीवांनी फर्मावले, "बाबा, साइटवर करा. पाच मिनिटांचं काम आहे."

मी चष्मा पुसून बसलो. साइटने पहिला प्रश्न विचारला : कोठून? मी लिहिले, अमरावती. त्याबरोबर तिने आंध्र प्रदेशातली अमरावती पुढे केली. २०१५ साली त्या राज्याने कृष्णेच्या काठी नव्या राजधानीची कोनशिला बसवली तेव्हापासून आमचा भाव घसरलेला आहे. एरवी अमरावती म्हणजे इंद्राची राजधानी. साइटने तीही दाखवली असती तर मला नवल वाटले नसते. शिवाय तिथली भाडेवारी चौकशीपुरती उपयोगी पडली असती. कोठे? मी लिहिले, अकोला. तिने अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले सुचवले आणि खाली आणखी नम्रपणे अकोट. तिचे ऐकले असते तर कृष्णाकाठी बसून प्रवरेकाठी उतरावे लागले असते, आणि मावशी मधल्या मध्ये तापीच्या खोऱ्यात राहिली असती. पानठेल्यावरच्या गाडीमालकाला कोणी कधी 'कोणती अमरावती?' विचारताना ऐकले नव्हते. त्याला एकच ठाऊक होती, आणि ती पुरेशी होती.

दोन्ही गावे नीट नेमून दिल्यावर गाड्यांची चित्रे आली. प्रत्येकीखाली नाव आणि पुढे पाच अक्षरी उपदेश : 'किंवा तत्सम'. डिझायर किंवा तत्सम. इनोव्हा किंवा तत्सम. व्यवहारात हा शब्द सगळीकडे आणला तर काय बहार होईल! लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां. अमुक किंवा तत्सम'. निवडणुकीत तर तो न छापताही चालूच आहे.

मग अटी. जाऊन-येऊन किमान अडीचशे किलोमीटरचे पैसे भरावे लागतील, गाडी कमी धावली तरी. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, रात्र झाली तर रात्रीचा वेगळा. मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवले. शेजारच्या घरातूनही दोघे ऐकायला आले.

"अकोला जाऊन-येऊन किती होते?" आई म्हणाली.

"दोनशे धर."

"मग वरचे पन्नास काऊन सोडायचे त्याईले?"

ज्या बाईने आयुष्यभर दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून विकल्या, ती पन्नास किलोमीटर फुकट जाऊ देणार नव्हती. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या वाटेला वळायचे. तिचे माहेर तिथेच आडरस्त्याला. चोवीस जाणे, चोवीस येणे. हिशेब बसत होता.

गाडी यायच्या थोडा वेळ आधी ड्रायव्हरचे नाव, गाडीचा नंबर आणि चार आकडी गुप्त मंत्र मोबाईलवर आला. पाठोपाठ फोन : "काकाजी, तुमचं लोकेशन आलं मले. पन अंबादेवीच्या इकून येऊ का गांधी चौकाच्या तिकून?" पोरगा उतरला तो आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीतला निघाला. आईने त्याच्या आजीचे नाव विचारले आणि ओळख पटवली. गुप्त मंत्राची जरुरी उरली नाही. म्हणजे माझा निरोप घरातून निघून कुठल्या कुठे आकाशपाताळ फिरून आला तो चारशे पावलांवर. तेवढ्यासाठी त्या मंडळींनी वाटेत आपली दलाली ठेवून घेतली. "तुले किती भेटते रे बाबू?" आईने विचारले. त्याने आकडा सांगितला. तो ऐकून आईने त्याच्या हातात दोन लाडू ठेवले.

पाटी पिवळी, अक्षरे काळी, म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. अक्षरे पिवळी आणि पाटी काळी असती तर ती आपण स्वतः चालवायची असते. डिक्की उघडली तर तीत गॅसचा सिलिंडर ऐसपैस पहुडलेला. त्यामुळे आईचा वॉकर पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला, आणि कुरड्यांचा डबा माझ्या मांडीवर.

रस्ता मात्र लोण्यासारखा. "काकाजी, वर्ल्ड रेकॉर्ड हाये हा!" पोरगा म्हणाला. ते खरेच आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता. त्यापूर्वी हाच रस्ता पार करायला किती तास लागत आणि त्यात किती मणके खर्ची पडत, याची नोंद घ्यायला मात्र गिनीजवाले आले नाहीत. तो विक्रम आम्ही बिनबोभाट केला.

मूर्तिजापूरला वळताना आई खिडकीला लागली. शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ तिला पाहायचे होते. त्या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता ती गाडीच बंद आहे. "मी आणि ताई हिच्यातूनच मामाकडे अचलपूरला जायचो," आई म्हणाली. "उतरून बोरं वेचायची अन् पळत येऊन पुन्हा बसायचं." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. बोरांची संख्या दर वेळी वाढते.

माहेरच्या जागी एक पडकी भिंत आणि एक कडुनिंब होता. आई वॉकर धरून दोन मिनिटे उभी राहिली. मग हापशीपाशी गेली, पोराला दांडा मारायला लावला आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतले. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. इथल्या जमिनीखालच्या पाण्यात मीठ आहे. "अजून तसंच खारं हाये," ती अशा समाधानाने म्हणाली, की जणू बँकेतली ठेव व्याजासह शाबूत निघाली. एक बाटली भरून घेतली.

अकोल्याला मावशी पलंगावर बसली होती. आईला पाहून तिने हात मागे घेतला. "नर्सबाई, आज इंजेक्शन नको." मावसभावाने तोंड फिरवले. आईने कुरड्या दाखवल्या, स्वतःचे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले. मावशी सभ्यपणे मान हलवीत होती. आपण पाहुण्यांपुढे हलवतो तशी. शेवटी आईने बाटली उघडली आणि बुचात घोटभर पाणी दिले. मावशीने ते प्यायले, तोंड वाकडे केले आणि एकदम म्हणाली, "हे आपल्या गावचं! तू कधी आलीस गं?"

त्यानंतर तीन तास दोघी बोलल्या, एकाच वेळी. मावशीच्या हातातला आईचा हात तिने एकदाही सोडला नाही. मी आणि तो पोरगा ओसरीवर चहा पीत बसलो. त्याला वाट पाहण्याचे पैसे मिळत होते की नाही कोण जाणे, पण निघायची घाई त्याने केली नाही.

परतताना बडनेऱ्याजवळ मोबाईल वाजला. साइटला आमचा अनुभव हवा होता : एक ते पाच तारे, आणि ड्रायव्हरची वागणूक, गाडीची स्वच्छता यांपैकी योग्य तिथे खूण करा. मी पाच तारे दिले. बाटलीतल्या पाण्यासाठी खूण करायला जागा नव्हती.

राजकमलशी आलो तेव्हा आई डुलकी घेत असावी असे वाटले. पण तिने डोळे न उघडता विचारले, "किती झाले रे बाबू?"

"दोनशे सत्तेचाळीस, आजी."

"मग तीन बाकी हायेत नं?" ती पदर सावरून बसली. "अंबादेवीवरून घे."