चिमणीच्या कडेची उजळ रेघ

माझी आजी ८६ वर्षांची आहे. चिमणी-कावळ्याची गोष्ट ती अजून रंगवून सांगते. शेणाच्या घरापाशी आवाज जाड, मेणाच्या घरापाशी बारीक. गेल्या पावसाळ्यात ओसरीवर बसवून मी ती गोष्ट चित्रित केली. मागे पागोळ्या गळत होत्या. बघताना वाटलं, वळचणीतून एक चिमणी भुर्रकन यावी आणि आजीच्या गुडघ्यापाशी बसावी. चिमणी मीच काढायची ठरवलं.

क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घेतली. सेकंदाला २५ फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम टिकणारं, म्हणजे आठ सेकंदांना १०० चित्रं. रात्रीची आवराआवर झाली की बसायचे. महिना गेला.

आधी एमपी४ काढलं, तर चिमणी काळ्या चौकोनात अडकलेली. नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत पारदर्शकतेला जागाच नसते. मग जीआयएफ केलं. पिसांच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या. जीआयएफमधला ठिपका एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब होतो, अधलंमधलं काही नाही. फडफडत्या पंखाची धूसर किनार त्यात बसणार कशी? शेवटी पीएनजी चित्रांची मालिका काढली, ०००० ते ०१९९, एकूण २०० फाइली. पीएनजीत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याखेरीज अल्फा नावाची चौथी किंमत देता येते. तो ठिपका मागचं किती झाकतो, ते ती सांगते. ही कल्पना १९७०च्या दशकात अमेरिकेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी पुढे आणली.

सगळ्या फाइली एडिटिंगमध्ये एकदम ओढल्या. प्रत्येक चित्र पाच सेकंदांचं झालं आणि टाइमलाइन १६ मिनिटं ४० सेकंदांची! पहिली फाइल निवडून ‘इमेज सिक्वेन्स’ म्हणून घेतल्यावर एकच क्लिप आली, पण सॉफ्टवेअरनं सेकंदाला ३० फ्रेम धरल्या होत्या. चिमणी सात सेकंदांच्या आतच येऊन बसली, आजीचा कावळा अजून पावसात भिजतोय. क्लिपचा वेग २५ केला, तेव्हा दोघींचा मेळ बसला.

तरीही चिमणीभोवती एक उजळ रेघ उरली होती, कुणी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. या रेघेनं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. चित्र चारशे टक्के मोठं करून पंखाच्या टोकाशी गेले. तिथले ठिपके अर्धे तपकिरी, अर्धे पारदर्शक. माझ्या पीएनजीत तपकिरी रंग पूर्ण जोराचा साठवलेला होता आणि ‘अर्धाच दाखव’ ही सूचना अल्फात वेगळी होती. याला स्ट्रेट अल्फा म्हणतात. सॉफ्टवेअरनं मात्र तो प्रीमल्टिप्लाइड धरला, म्हणजे रंग आधीच निम्मा केलेला आहे असं समजलं. त्यामुळे पूर्ण तपकिरी अधिक निम्मी ओसरी अशी बेरीज झाली आणि कड उजळली. उलटी चूक झाली असती, तर कड काळी पडली असती. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन अल्फा ‘स्ट्रेट’ केला. रेघ गेली, आणि पंखातून मागची पागोळी दिसली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

ॲनिमेशन करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फाइलींना ०००१ असे शून्यांसकट क्रमांक द्या आणि मधला एकही पुसू नका. खंड पडला की मालिका तुटते. व्हिडिओवर ठेवलेलं चित्र त्या जागचं वाटतं की उपरं, ते त्याच्या कडेवर ठरतं, म्हणून कड मोठी करून बघितल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

आजीनं फिल्म तीनदा पाहिली. त्या २०० फाइली मी दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत, कारण तयार एमपी४मधून ती चिमणी आता पुन्हा सुटी करता येत नाही.