डाग आणि गळती

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात आमची प्रीमियर पद्मिनी उभी असते. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्याखाली सिमेंटवर एक काळपट डाग दिसू लागला. पहिले काही दिवस आम्ही तो पावसाच्या पाण्याचा मानला, नंतर इंजिन ऑइलचा. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. डागाचे अर्थ लावण्याची हौस आम्हाला मोठी. डागापर्यंत वाकण्याची मात्र सवय नाही.

वाकले ते बाबा. आमच्यापैकी एकाचे ते वडील, दुसरीचे सासरे. दोघेही त्यांना बाबाच म्हणतो. त्यांनी डागावर तर्जनी टेकवली, अंगठ्याने तेल चोळून पाहिले, नाकाशी नेले आणि म्हणाले, “नव्वद नंबरचं ऑइल आहे. स्टेअरिंग बॉक्स गळतोय. नुसतं सील बदलून भागायचं नाही, बुश बघायला सांगा.”

आम्ही मान डोलावली. या मान डोलावण्याविषयीच हे लिहीत आहोत.

बाबांनी आयुष्याची सव्वीस वर्षे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात काढली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तिने येथे बांधली आणि १९७४ पासून त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. ती मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. आमची गाडी १९९१ ची. बाबा तिला ‘कारखान्यातून आणलेली’ म्हणतात, ‘विकत घेतलेली’ कधीच म्हणत नाहीत. पुढे कारखाना थांबला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली, कारण शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. खाजगी गाड्यांना दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते. त्या आधारावर आमची गाडी टिकून आहे, आणि बाबाही तिच्या आधाराने काही अंशी टिकून आहेत, असे आम्हाला वाटत असे.

‘काही अंशी’ म्हणण्याचे कारण असे, की दोनेक वर्षांपासून बाबांची स्मृती निसटू लागली आहे. सकाळचा चहा झाला की नाही, हे ते दोनदा विचारतात. आज कोणता वार, हा प्रश्न दिवसातून चार वेळा येतो. डॉक्टरांनी सांगितले, वाद घालू नका, चुका दाखवू नका. आम्ही तो सल्ला तंतोतंत पाळला आणि त्यातून आम्हाला एक सोयीस्कर सवय जडली. बाबा काहीही म्हणाले, की आम्ही हसून ‘हो बाबा’ म्हणायचो. ऐकणे केव्हा थांबले, ते आमच्याही लक्षात आले नाही.

त्यांच्या निदानावर अविश्वास ठेवायला एक कारणही होते. स्टेअरिंग बॉक्स उजवीकडे, चालकाच्या बाजूला असतो. डाग पडत होता गाडीच्या मध्याच्याही डावीकडे. बाबांचा काहीतरी गोंधळ झाला असणार, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले.

घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गालगत आमचे नेहमीचे मेस्त्री आहेत. त्यांनी गाडीचा खालचा भाग आधी रॉकेलने स्वच्छ पुसून काढला. “जुनं ऑइल पुसल्याशिवाय नवं कुठून येतं ते कळत नाही,” ते म्हणाले. मग गाडीखाली वर्तमानपत्रे पसरली आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. तेल उजवीकडच्या बॉक्समधूनच निघत होते. तेथून ते ड्रॉप आर्मवर उतरे, आडव्या दांड्यावरून ओघळत जाई आणि आमच्या आवाराला पावसाच्या पाण्यासाठी डावीकडे जो उतार दिला आहे, त्यामुळे पलीकडच्या टोकाला जाऊन ठिबके. गळण्याची जागा एक, ठिबकण्याची दुसरी.

त्याच शेडमध्ये शेजारी एक जुनी अमेरिकन गाडी उभी होती. योगायोगाने तिचेही तेल स्टेअरिंगमधूनच गळत होते. पण ती पॉवर स्टेअरिंगची. मेस्त्रींनी दोन्हींतला फरक समजावून सांगितला. तिच्यात इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब देतो. ते तेल एका सिलिंडरमध्ये शिरते, आतला दट्ट्या सरकतो आणि चाके वळवायला हाताला मदत होते. अशी सोय बाजारातल्या गाडीत प्रथम आली ती १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. दट्ट्याची दांडी सिलिंडरच्या ज्या तोंडातून आत-बाहेर करते तिथले सील झिजले, की दाबाखालचे तेल बाहेर येते. तेल कमी झाले की पंप कण्हू लागतो आणि स्टेअरिंग जड होते. म्हणजे ती गाडी दुखणे बोलून दाखवते. पद्मिनीला असा मदतनीस नाही. बॉक्सच्या आत आटे पाडलेली दांडी फिरते, तिच्याशी जुळलेला भाग एका शाफ्टला थोडेसे वळवतो आणि शाफ्टच्या खालच्या टोकाला बसवलेला ड्रॉप आर्म चाकांना दिशा देतो. तेल केवळ हे भाग झिजू नयेत म्हणून. ते गळून गेले तरी स्टेअरिंग लगेच तक्रार करत नाही. आतल्या आत झीज होत राहते. हळूहळू चाक बोटभर फिरवले तरी गाडी वळत नाही. मेस्त्री याला ‘प्ले’ म्हणतात. आमच्या महाविद्यालयात एक सुकाणू समिती आहे आणि आम्ही तिचे सदस्य आहोत. खऱ्या सुकाणूच्या आत काय असते, ते मात्र आम्ही पंचेचाळिशीत पाहिले.

मेस्त्रींनी शाफ्टचे ऑइल सील बदलले, प्ले कमी करण्यासाठी वरचा स्क्रू थोडा आवळला आणि गाडी दिली. बाबांचे दुसरे वाक्य आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते.

तीन आठवड्यांनी डाग पुन्हा आला. शिवाय, कोपऱ्यावर वळल्यानंतर चाक आपसूक सरळ होईना, मध्यावर येताना ते अडखळू लागले. त्या संध्याकाळी बाबा आवारात उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी शांतपणे विचारले, “बुश पाहिला होता का?”

दुपारी आपण जेवलो की नाही, हे त्यांना आठवत नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलेला बुश आठवत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, की संहितेत जिथे काही खटकते, तिथेच त्याचे कारण असेल असे नाही. ओघळ मागे मागे शोधत जा. तेच आम्ही घरात केले नव्हते. बाबांच्या विसरण्याचा डाग एकदा दिसल्यावर त्यांचे प्रत्येक वाक्य आम्ही त्या डागाचाच भाग म्हणून वाचले. दुखण्याचे लक्षण म्हणून ऐकले, म्हणणे म्हणून ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो. तासभर ते बोलले. कुठेही अडखळले नाहीत. शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो तो झिजला, की शाफ्ट डुगडुगतो. डुगडुगणारा शाफ्ट नव्या सीलची कड एका बाजूने खातो, म्हणून नवे सीलही गळते. वरचा स्क्रू आवळून प्ले लपतो, झीज जात नाही. जास्त आवळला तर चाक मध्यावर आवळून बसते. ड्रॉप आर्म काढण्याआधी त्यावर आणि शाफ्टवर पंचने खूण करायची, नाहीतर बसवताना एक दाता चुकतो आणि चाके सरळ असताना स्टेअरिंग तिरके दिसते. हातोडा मारायचा नाही, पुलर लावायचा. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला. मध्येच थांबून त्यांनी आजचा वार विचारला. आम्ही सांगितला. ते पुढे बोलू लागले.

यावेळी आम्ही त्यांना घाटकोपरला बरोबर नेले. मेस्त्रींना आम्ही आमची चूक सांगितली. ते कष्टी झाले. “काका, मला तेव्हाच निरोप दिला असतात तर,” एवढेच म्हणाले. बॉक्स उतरवला. शाफ्ट धरून हलवला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका हलत होता. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चांगला बुश मिळाला नाही. शेवटी गनमेटलचा लेथवर कातून घेतला, रीमरने शाफ्टच्या मापाचा केला. बाबांनी शाफ्ट त्यात फिरवून पाहिला आणि काही न बोलता मेस्त्रींच्या हाती दिला. मेस्त्रींनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

महिना झाला, जमीन कोरडी आहे. बाबांचे विसरणे थांबलेले नाही. त्याला बुश नाही. आम्ही मात्र आता त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो. कधी त्यात काही नसते. कधी असते.

गाडी घरी आली त्या दिवशी एक प्रश्न आमच्या मनात होता आणि तो विचारण्याचे धाडस दोघांनाही होत नव्हते. बाबा चालकाच्या जागेवर बसले. दोन बोटांनी त्यांनी चाक डावीकडे, मग उजवीकडे किंचित हलवले, पुढच्या चाकाकडे पाहायला आम्हाला सांगितले. “लगेच घेतंय?” आम्ही म्हणालो, “घेतंय.” थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग उतरले, बॉनेटवर हात ठेवत गाडीला वळसा घालून डावीकडचे दार उघडले आणि आत बसले.

“चला,” ते म्हणाले, “कोण चालवतंय?”