विंचवाचे बिऱ्हाड आणि चार खाड्या

वऱ्हाडातल्या माणसाचे समुद्राशी नाते तसे दूरचेच. आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेण राजाच्या संदर्भात लाट, त्रिकूट अशी पश्चिमेकडच्या प्रदेशांची नावे येतात. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी आमच्या राजाची नजर समुद्रापर्यंत पोचली होती, असे म्हणावयास हरकत नाही. प्रजेची नजर मात्र पद्मतीर्थाच्या तळ्यापुरती आणि फार तर एकबुर्जीच्या धरणापुरती राहिली.

आमच्या पाण्याने मात्र समुद्र केव्हाच गाठला आहे. जिल्ह्यातले बरेचसे पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. काटेपूर्णा मात्र आमच्याच जिल्ह्यात उगम पावून उत्तरेला वळते, पूर्णेला मिळते आणि तापीच्या हाताला धरून अरबी समुद्र गाठते. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. मी हे घरी सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "पानी जाते, तं आपुन कायले मांगं राहाव?"

आईचे वय बहात्तर. तिने समुद्र पाहिला नव्हता. तिला रोज नवी खोली, नवा जिना आणि नवे अंथरूण सोसवेना. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एक फिरते घरच भाड्याने घेतले. याला कॅरॅव्हॅन म्हणतात. 2021 साली महाराष्ट्र सरकारने अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले आहे. आत निजण्याच्या फळ्या, इवलीशी शेगडी, पाण्याची टाकी आणि सौभाग्यवतींच्या मते "दोन पातेली ठेवली की संपणारा" ओटा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे आमचे चाकांवर.

शेलूबाजारजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. रस्ता उत्तम, वेग उत्तम. पण दिवसभरात आमचे कोणाशी बोलणे झाले असेल, तर ते टोलनाक्यावर. मुलांनी पत्ते काढले, आईने जपमाळ काढली आणि संध्याकाळी महाराष्ट्राची रुंदी संपली.

कोकणात उतरल्यावर हा हिशेब पार बदलतो. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही 720 किलोमीटरची किनारपट्टी पाठ केली होती. नकाशावर ती सरळ रेघ दिसते. प्रत्यक्षात सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना ती रेघ कापते. भरतीचे पाणी या नद्यांच्या मुखातून कोसच्या कोस आत शिरते, आणि त्या खाडीशी येऊन रस्ता चक्क थांबतो. रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी मार्ग व्हावा, हे बॅरिस्टर अंतुल्यांचे स्वप्न. ते 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. आमच्या वाट्याला मात्र चार ठिकाणी बोट आली.

पहिली अगरदांड्याची. मुरुडचा जंजिरा पाहून आम्ही धक्क्यावर आलो, तो समोर सपाट पोटाची, पुढे लोखंडी फळी असलेली बोट. ट्रक, मोटारी, फटफट्या आणि माणसे सगळी एकाच पंक्तीला. आमचे घर तिच्यावर उलटे चढवायचे होते. बोटीवरचा पोरगा हात हलवीत ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे... बास!" आत शेगडीवरचा डबा घसरला, सौभाग्यवतींनी देवाचे नाव घेतले, आणि आमचे सबंध घर, आईच्या तुळशीमाळेसकट, पाण्यावर तरंगू लागले. आई खिडकीशी बसून होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बापू, घर चालते हे पाह्यलं होतं, आता पोहतेबी!"

पलीकडे दिघी. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बागमांडल्याला आलो. ही बाणकोटची खाडी. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवीला रत्नागिरी जिल्हा. केळशी, आंजर्ल्याच्या बाजूला रस्ता इतका निरुंद, की समोरून एस्. टी. आली म्हणजे आमच्या घराने फाटकापर्यंत मागे सरावे. माडाच्या झावळ्या छपरावरून हात फिरवून जात.

आमची टाकी रिकामी झाली ती याच मुलखात. एका वाडीत पाणी मागितले, तर घरातली वहिनी संकोचून म्हणाली, "विहीर तळाला गेलीय हो. टँकर उद्या येईल." तरीही तिने दोन कळशा दिल्याच, आणि गाडी रात्रभर खळ्यात लावू दिली. आईला हे पटेना. डोळ्यांसमोर अथांग समुद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडच्या तिपटीहून जास्त, आणि गावाला टँकर? मी तिला जांभा दगड दाखवला. चाळणीसारखा सच्छिद्र; त्यात उतार तीव्र, नद्या आखूड. पडलेले पाणी थांबतच नाही. आईने ऐकून घेतले आणि त्या वहिनीशी हंड्यांच्या, विहिरींच्या, पहाटेच्या खेपांच्या गोष्टी काढल्या. वऱ्हाडी बोली आणि कोकणी बोली यांत अंतर पुष्कळ; पण रिकाम्या हंड्याची भाषा दोघींना चांगली येत होती. निघताना आईने वाशीमहून आणलेली तुरीची डाळ तिच्या पदरात घातली. परतभेट म्हणून डझनभर हापूस आमच्या घरात आले.

तिसरी खाडी दाभोळची, वाशिष्ठीची. आज शांत दिसणारे हे बंदर एके काळी गजबजलेले होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच जहाजात बसून मायदेशाच्या वाटेला लागला. बोट नसती तर आम्हांला चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घालावा लागला असता. धोपाव्याच्या त्या काही मिनिटांच्या फेरीत माझ्या चिरंजिवांनी तीन मित्र जोडले, कन्येने कोळिणीकडून माशांची नावे लिहून घेतली, आणि आमच्या चालकाला मोफत सल्ला देणारे निदान पाच जण भेटले. मला वाटले, प्रवास म्हणतात तो हा. रस्ता अडतो म्हणून माणसे भेटतात. पूल झाले की हे सारे जाणार!

तवसाळच्या धक्क्यावर, चौथ्या खाडीशी, मी हाच विचार मोठ्याने बोलून दाखवला. शेजारी एक बाई सासऱ्यांना घेऊन बसली होती. पलीकडे जयगडला उतरून त्यांना रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायचे होते. ती शांतपणे म्हणाली, "काका, दिवसा ठीक आहे. रात्री दुखणं आलं आणि शेवटची बोट गेलेली असली, म्हणजे ही खाडी फार मोठी होते."

मला उत्तर सुचेना. आई मात्र म्हणाली, "थांबनं तुले गोड लागते बापू, तुयं आठ दिवसाचं हाय. तिचं रोजचं हाय." पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणजे आमच्याकडची खेडी कशी तुटतात, बाळंतीण बाजेवर घालून कशी न्यावी लागे, हे तिने तरुणपणी पाहिलेले. बोट लागली तेव्हा त्या सासऱ्यांचा एक हात सुनेच्या खांद्यावर आणि दुसरा आईच्या हातात होता.

जयगडहून आम्ही मालगुंडास गेलो. मराठीच्या प्राध्यापकाने केशवसुतांच्या जन्मगावावरून तसेच पुढे जाणे बरे नव्हे. 1866 साली जन्मलेले हे कवी शिक्षणासाठी काही काळ आमच्या विदर्भात, नागपुरास राहिले होते. या किनाऱ्यापासून नागपूरपर्यंतची त्या काळची वाट डोळ्यांसमोर आणली, म्हणजे आपण पुलांविषयी किती हलकेपणाने बोलतो ते कळते. ज्याला जायचेच असते, त्याला खाडीची शोभा दिसत नाही; तीर तेवढा दिसतो.

म्हणून आता माझे मत विचाराल, तर पूल व्हावेत आणि लवकर व्हावेत. ते तुमच्या-आमच्या सहलीसाठी नकोत, तर तवसाळच्या धक्क्यावरच्या त्या सुनेसाठी हवेत. मागणे एवढेच, की बांधणाऱ्यांनी पुलाच्या तोंडाशी एखादी झाडाची सावली, एखादा पार आणि गाडी उभी करण्यापुरती जागा ठेवावी. आणि वाचकहो, पूल होईपर्यंत ज्यांना सवड असेल, त्यांनी एकदा तरी या खाड्या बोटीने ओलांडाव्यात. मुलांना बरोबर न्यावे. घरात वडीलधारे माणूस असेल, तर त्याला आधी न्यावे. आपल्याला जे नुसते दिसते, ते त्याला समजते.