चौकोन आणि त्रिकोण

बारावीच्या अर्थशास्त्रात आम्हाला रिकार्डोचा खंड सिद्धांत होता. जमिनीच्या कमी-अधिक सुपीकतेमुळे जमीनदाराच्या पदरात विनासायास जे पडते तो खंड, एवढे आम्ही घोकून ठेवले होते. घरी मात्र दर महिन्याच्या सात-आठ तारखेला मालकांचे मेहताजी येत, बाबा त्यांच्या हातावर अडतीस रुपये पन्नास पैसे ठेवत आणि पावती घेत. त्याला भाडे म्हणत. पुढे २००३ साली एम.ए.साठी कालिन्याला जाऊ लागले आणि नागरी अर्थशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा ध्यानात आले की या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द आहे. रिकार्डोचे शेत आणि आमची गिरगावातली एकशेऐंशी चौरस फुटांची खोली एकाच सिद्धांतात बसतात, हे कळायला मला परक्या भाषेतून जावे लागले.

विषय मोठा रसाळ होता, हे कबूल केले पाहिजे. रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला मुद्दा असा की, खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असते म्हणून खंड देणे परवडते. सरांनी तो मुंबईला लावून दाखवला. बिल्डर प्रथम फ्लॅट काय भावाने विकले जातील याचा अंदाज बांधतो. त्यातून बांधकाम, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो. उरते ती जमिनीची किंमत. जमीन महाग झाली म्हणून घरे महाग झाली, हे आपण सारे जन्मभर म्हणत आलो ते बव्हंशी उलटे आहे. म्हणजेच सरकारने चटईक्षेत्र निर्देशांक वाढवला की एक वीटही न रचता जमिनीची किंमत वाढते. शहर बेटावर तो १.३३ होता; उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी १९९९ पासून अडीच झाला. हा आकडा वर्गात फळ्यावर पाहिला त्या दिवशी चर्नी रोडला उतरून घरी येताना मी आमच्या चाळीकडे प्रथमच निराळ्या नजरेने पाहिले. जिन्याला दुरुस्ती मंडळाने लाकडी टेकू लावले होते, आणि त्या टेकूंच्या वर, हवेत, कुणाचे तरी पैसे तरंगत होते.

मग भाडेनियंत्रणाचे प्रकरण आले. मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा, त्यांच्या छेदनबिंदूखाली कायद्याने आखलेली एक आडवी रेषा. मुंबईत ती १९१८ मध्ये युद्धकाळासाठी म्हणून प्रथम आखली गेली; १९४७ च्या कायद्याने तिला १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा खिळा ठोकला. हे प्रमाणभाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरच्या नव्या कायद्याने, ३१ मार्च २००० पासून, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. आमच्या भाड्यावर चार टक्के म्हणजे एक रुपया चौपन्न पैसे.

त्या आकृतीत दोन जागा तयार होतात. एक त्रिकोण: जी घरे बांधलीच गेली नाहीत, त्यांमुळे साऱ्या समाजाचे झालेले नुकसान. आणि एक चौकोन: जे मालकाकडून निघून भाडेकरूच्या खिशात गेले. परीक्षेत छायांकित करायचा असतो तो त्रिकोण. चौकोनाला नुसते हस्तांतर म्हणून सोडून देतात, कारण एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले, बेरीज शून्य. मी त्रिकोण सुबक छायांकित केला. भाडेनियंत्रणाने नवी भाड्याची घरे बंद होतात, जुन्यांची दुरुस्ती थांबते, माणसे एकाच जागी चिकटून राहतात, असे तीन पाने लिहिले. वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले. उत्तर बरोबरच होते. आजही मी तेच लिहीन. परंतु मी त्या चौकोनात जन्मले होते, हे लिहायला उत्तरपत्रिकेत जागा नव्हती.

शिवाय तो चौकोन आम्हाला फुकट मिळाला होता असेही नाही. आजोबांनी १९५६ साली ही खोली घेतली ती पागडी देऊन, आणि त्यासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या. हिशेब असा की, वाजवी भाडे आणि कायद्याचे भाडे यांतली पुढच्या अनेक वर्षांची तफावत आजोबांनी एकरकमी विकत घेतली. ती आधीच्या भाडेकरूने आणि मालकाने वाटून घेतली. म्हणजे कायद्याने गरिबाला दिलेले दान पहिल्या भाडेकरूपाशीच संपले. पुढचे सगळे गिऱ्हाईक. पागडी घेणे तेव्हा गुन्हा होता, ते कायदेशीर झाले नव्या कायद्याने. त्यामुळे भाड्याच्या पावत्यांचे जाडजूड पुडके बाबांच्या ट्रंकेत होते. पाटल्यांची पावती कुठेच नव्हती. मालकांविषयी चाळीत कुणी बरे बोलत नसे. पण सगळ्या बिऱ्हाडांचे भाडे एकत्र केले तरी जिन्याच्या दिव्याचे बिल भागत नसावे, हेही खरेच.

आणि त्रिकोण? तो मला एका रविवारी दिसला.

२००८ मध्ये एका बिल्डरने चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आणला. सत्तर टक्के भाडेकरूंच्या संमतीपत्रांवर सह्या हव्या होत्या. प्रत्येकाला सव्वातीनशे चौरस फूट, मालकीहक्काने. मी घरातली तज्ज्ञ; कागद मी वाचला, किती मजले वर चढतील, बिल्डरला काय उरेल, मालकांना काय मिळेल हे गणित करून बाबांना सांगितले. आम्हाला मिळते ते थोडे आहे पण लबाडी नाही, असा माझा निष्कर्ष होता.

त्या रविवारी डोंबिवलीहून काका आले. काका याच खोलीत वाढले. १९७८ मध्ये त्यांचे लग्न ठरले तेव्हा गिरगावात भाड्याची खोली मिळत नव्हती, पागडीला पैसे नव्हते, आणि एका खोलीत दोन बिऱ्हाडे कशी नांदणार? ते डोंबिवलीला गेले. अलोन्सोच्या १९६४ च्या प्रारूपात दूर जाणारा माणूस प्रवास आणि प्रशस्त जागा यांचा तोल साधून, आपखुशीने जातो. काका तीस वर्षे सकाळची सात बाराची गाडी धरत होते. कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क जातो तो त्याच्याजवळ राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. आजोबा गेले तेव्हा जवळ बाबा होते. पावतीवर बाबांचे नाव आले, आणि तेव्हा कुणाला काही वाटले नाही. अडतीस रुपयांच्या खोलीवरून भांडायचे काय?

काकांनी कागद मागितला नाही. चहा घेतला, गॅलरीत थोडे उभे राहिले, मग मला म्हणाले, ''तू यातच शिकलीस ना? मग मला एक सांग. पाटल्या आईच्या होत्या. त्यात माझं काही धरता येतं का?''

बाबा म्हणाले, ''अरे, तिला काय विचारतोस!''

''दादा, तुला विचारलं तर तू हो म्हणशील. म्हणून तिला विचारतो.''

मी काहीतरी बोलले. मालकी आणि ताबा यांतला फरक, कायद्याची तरतूद, असे काहीसे. वर्गात ज्याला मी तीन पानांत सिद्ध केले होते तो माणूस समोर बसला होता, आणि त्याच्या नुकसानाची भरपाई ज्या चौकोनातून करायची तो आमचा होता. सिद्धांत म्हणतो, त्रिकोणातले नुकसान कुणालाच मिळत नाही. ते काकांचे झाले होते, त्यांच्या गुडघ्यांत होते. ते म्हणाले, ''बरं,'' आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

बाबांनी सही केली. रिकाम्या झालेल्या चाळीच्या जागी इमारत उभी राहायला नऊ वर्षे लागली. तो निराळा विषय आहे. नव्या घरात देखभालखर्च महिना सहा हजार येतो. आजोबा-बाबांनी पहिल्या चाळीस वर्षांत भरलेले सारे भाडे तीन महिन्यांत संपते. घराचा ताबा मिळाल्यावर बाबांनी काकांना बोलावून एक पाकीट पुढे केले. काकांनी ते उघडून न पाहता परत दिले. मग बाबांनी ते काकूंच्या हाती दिले आणि त्यांनी ते ठेवून घेतले. त्यात किती रक्कम होती, आणि ती बाबांनी कोणत्या हिशेबाने काढली होती, हे मी अजून विचारलेले नाही.